जास्तीचा वेढा

प्रिय ढब्या,

हातांच्या पट्ट्या गेल्या आठवड्यात काढल्या. बोटं वळतात, पण पेन धरलं की अंगठ्याखालची नवी कातडी ताणली जाते, म्हणून अक्षर असं. तसं ते तुला कधीच आवडलं नाही. डॉक्टर न होताच डॉक्टरचं अक्षर कमावलंस, म्हणायचास. फोन केला असता, पण फोनवर तू हां हां करतोस आणि मधेच तिकडे कुणाला तरी काहीतरी आणायला सांगतोस. हे एका बैठकीत, शेवटपर्यंत वाचायचं आहे. मधे उठू नकोस.

बाइंडर अजून कोठडीत आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. आमच्या दाराला बाहेरून बांधलेली दोरी त्याच्या सामानातली होती, हस्तलिखितांचे गठ्ठे आवळायची, आणि ते घडलं तेव्हा तो जागेवर नव्हता. खळ शिजवायचं पीठ संपलं होतं, ते आणायला गेलो होतो, असं तो सांगतो. दुकानदाराला आठवत नाही. शिवाय आमच्या सरांचं आणि त्याचं जमायचं नाही, हे साऱ्या इमारतीला ठाऊक. सरांना पानं चिकटवायला पातळ खळ हवी असायची, हा घट्ट करायचा. सर म्हणायचे, पुस्तक दुरुस्त करतोयस की भिंत बांधतोयस. मागे एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "एक दिवस या म्हाताऱ्याला पानांबरोबर शिवूनच टाकतो बघा." आम्ही हसलो होतो, सर सगळ्यात जास्त. ते वाक्य आता पोलिसांच्या कागदावर टाइप होऊन बसलं आहे. परवा त्याची बायको माझ्याकडे आली. त्याचा डावा कान फुटलाय. म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू येत नाही. विचारतात एक, हे उत्तर देतात दुसऱ्याचंच. साहेबांना वाटतं मुद्दाम करतोय, मग परत मारतात." एवढं सांगून तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहत बसली. माझ्याकडे उत्तर होतं. मी तिला चहा दिला. तपास अधिकारी म्हणालेत, सोमवारी पुन्हा कोर्टात नेतील, आणि त्याआधी तो कबूल करेल. न केलेलंही माणूस कबूल करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

तुला ती संध्याकाळ आठवते का, तू माझ्याकडे स्वयंपाकघरातला नळ बदलायला आला होतास. नळ झाला, जेवण झालं, आणि ताटावरून उठायच्या आधी तू विचारलंस, ताई, तू दिवसभर तिथे नेमकं करतेस काय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी हात न धुताच बोलत बसले. घोड्यांच्या आजारांवरचं एक जुनं पुस्तक आहे, मी सांगितलं. लिहिणाऱ्याच्या हातची प्रत आज कुठेच नाही. तिची कुणीतरी नक्कल केली, त्या नकलेची आणखी कुणी, असं करत शेकडो वर्षं गेली. आज ज्या प्रती उरल्यात त्यांतली कुठली कुणाची लेक, कुठली कुणाची नात, हे शोधायचं आणि त्यांच्या वंशाचं झाड मांडायचं. तू म्हणालास, कळणार कसं, त्यांच्या तोंडावर थोडंच लिहिलंय. मी म्हटलं, चुकांवरून. बरोबर तर कुणीही लिहील. दोन प्रतींत तेच बरोबर वाक्य आलं म्हणून त्यांचं नातं ठरत नाही. पण दोघींत तीच वेडगळ चूक त्याच जागी आली, तर ती दोघींनी आपापली केलेली नसते, कुणाकडून तरी घेतलेली असते. तू पाणी पीत होतास, तुला ठसका लागला. "म्हणजे आपण दोघं एका बापाची, हे सिद्ध करायचं तर दोघांचा गाढवपणा जुळवून बघायचा." मी म्हटलं, हो, तसंच. आपण बराच वेळ हसत होतो. बाबा गेल्यावर त्यांच्यावर आपण पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

माझं काम त्यातलं अगदी शेवटचं. सर झाड काढायचे ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, पेन्सिलीने. कॉम्प्युटरला चित्र कळत नाही. त्याला शब्दांत सांगावं लागतं: ही प्रत, ही तिची आई, ही हरवलेली. त्यासाठी टॅगांची एक पद्धत बसवायची, म्हणजे मार्कअप, जी आमच्याच नव्हे तर कुठल्याही पुस्तकाच्या झाडाला चालेल. पहिल्या वर्षी मी फसले. एका टॅगच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, अशी मांडणी केली, डब्यात डबी ठेवावी तशी. दिसायला देखणी होती. मग सरांनी एक प्रत माझ्यापुढे टाकली. तिची नक्कल करणाऱ्याने समोर दोन पुस्तकं उघडी ठेवून कधी यातलं, कधी त्यातलं उतरवलं होतं. एक डबी एकाच वेळी दोन डब्यांत बसत नाही. सगळं मोडलं. नंतर मी प्रती वेगळ्या लिहिल्या, सुट्या, आणि त्यांच्यामधल्या रेघा वेगळ्या. प्रत्येक रेघेला काही गोष्टी सक्तीच्या केल्या: कुठून, कुठे, पुरावा काय, खात्री किती. आणि शेवटी, हे कोण म्हणतं. नावाशिवाय रेघ फाइलमध्ये जाणारच नाही, प्रोग्रॅम ती परत फेकेल. आमच्या धंद्यात 'असे मानले जाते' एवढ्यावर लोक निवृत्त होतात, मला त्याचा कंटाळा आला होता. सर म्हणाले, "छान. आता शिव्या थेट घरपोच." आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, नुसती आद्याक्षरं नाहीत.

त्यातली एक रेघ टेकडीवर गेली. तुझ्या मालकांच्या घरी मखमलीत गुंडाळलेली जी प्रत आहे ती सगळ्या प्रतींची आई, असं ते घराणं पिढ्यान् पिढ्या सांगत आलंय. त्यांच्या घोड्यांच्या दवाखान्याच्या फाटकावर तसं कोरलेलं आहे, तू रोज त्याखालून जातोस. सरांनी ती प्रत पाहिली, आणि खालच्या गल्लीतल्या नालबंदाच्या घरची, कसरीने खाल्लेली प्रतही पाहिली. नालबंदाच्या प्रतीत एका पानाला आरपार भोक आहे. 'कालवलेला चुना खुराला लावावा आणि काढा घोड्यास पाजावा' या वाक्यातले मधले चार शब्द त्या भोकात गेलेत. टेकडीवरच्या प्रतीत भोक नाही. पान धडधाकट आहे, पण ते चार शब्दही नाहीत. नक्कल करणाऱ्याने भोकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं जोडून टाकलं, आणि आता तिथे घोड्याला चुना पाजायला सांगितलाय. म्हणजे मखमलीतली प्रत नालबंदाच्या प्रतीची लेक. हे ऐकून तू आधी हसलास, मग हसायचा थांबलास. "ताई, हे तिकडे कळलं तर." मी म्हटलं, कळेलच, फाइल सगळ्यांसाठी उघडी राहणार आहे. तू विचारलंस, नाव कुणाचं. मी सांगितलं. तू उठून नळ पुन्हा उघडून बंद करून पाहिलास, तो गळत नसताना. तू तिकडे काही बोललास असं मी म्हणत नाही. गरजही नव्हती. फाइल जाहीर झाली त्याच आठवड्यात थोरल्या मालकांचा फोन आला. सरांनी तो आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मालक म्हणाले, ती रेघ काढा. सर म्हणाले, पुरावा आणा, मी स्वतः काढतो. मालक म्हणाले, पुरावा पाठवतो.

ते दुपारी आले. शिपाईकाकांनी नुकतीच फरशी पुसली होती. तोंडाला फडकी, हातात फावड्यांचे दांडे. दुसऱ्या कुठल्याही टेबलाकडे न बघता ते आतल्या खोलीत आले आणि सरांचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, कोण तो. सर मान वर करून म्हणाले, "मीच. हळू चाला, ओल आहे, पडाल." पहिला दांडा त्यांच्या तोंडावर बसला. एक दात टेबलावरून घरंगळत माझ्या की-बोर्डपाशी आला. मी तो बाजूला सारला, फटीत अडकेल म्हणून. त्या क्षणी डोकं असंच चालतं. मग त्यांनी कपाटं पालथी केली. गठ्ठे फोडले, पानं मुठीत धरून फाडली. जुना कागद फाटताना कोरडा खोकला यावा तसा आवाज करतो. कोपऱ्यात बाइंडरचा लोखंडी प्रेस आहे, वरचं चाक फिरवलं की पुस्तकं दाबणारा. एकाने सरांना तिथे ओढत नेलं. "कुठल्या हाताने काढलीस रेघ?" सर तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "की-बोर्डला दोन्ही लागतात." खरं म्हणजे ते एका बोटानेही टाइप करत नसत. ती रेघ त्यांनी सांगितली आणि मी टाइप केली. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या माणसाने त्यांचा उजवा हात प्रेसमध्ये घातला आणि चाक फिरवलं. हाडं मोडतात तेव्हा मोठा आवाज होत नाही. ओला पुठ्ठा दुमडावा तेवढाच होतो. मग डावा हात.

मी काय केलं तेही सांगते. पुस्तकाच्या पाठीला गोलाई देण्याची बाइंडरची हातोडी टेबलाखाली पडली होती, जाड तोंडाची. चाक फिरवणाऱ्याच्या गुडघ्यावर मी ती मारली. तो खाली बसला. तो तू नव्हतास. तो उंच होता, आणि ओरडला तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. पडल्यावर त्याचा पंजा फरशीवर पसरला होता. मी त्यावर मारलं. पुन्हा मारलं. त्याची गरज नव्हती, तो उठणार नव्हता, पण मला बरं वाटत होतं आणि मी आणखी मारणार होते. कुणीतरी मागून माझे केस धरले, मला ओढत नेऊन टेबलाखाली ढकललं आणि वरून कपाटाची फळी लावली, म्हणून थांबले. बाबा पट्टा काढायचे तेव्हा त्यांचा चेहरा कसा व्हायचा आठवतं? रागीट नाही. निवांत. मला वाटतं माझाही तसाच झाला असेल.

पानांचा ढीग करून त्यांनी बाइंडरच्या बाटलीतलं स्पिरिट ओतलं, काडी टाकली, आपला लंगडा झालेला माणूस उचलला आणि बाहेर पडले. ते दोन फळ्यांचं दार तू पाहिलंयस, बाहेरून पितळी कड्या असलेलं. कड्यांतून दोरी ओवल्याचा आवाज आला. खिडक्यांना गज आहेत. दाबून ठेवलेला जुना कागद भडकत नाही, धुमसतो, आणि धूर छतापासून हळूहळू खाली येतो. मी सरांना काखेत हात घालून दाराकडे ओढलं, कारण हात धरण्यासारखे राहिले नव्हते. वाटेत एक जळता गठ्ठा होता, तो सारला, तीच ही नवी कातडी. दाराखाली बोटभर फट आहे. आम्ही दोघांनी फरशीवर पालथं पडून तिला तोंडं लावली. सरांच्या तोंडातलं रक्त त्या फटीतून बाहेर वाहत होतं. पलीकडे शिपाईकाकांचे बूट दिसत होते, मागेपुढे सरकणारे. "सुटत नाही हो," ते म्हणत होते. "ओढतोय, पण सुटत नाही." दार आमच्याकडून आणखी घट्ट होताना मला दिसत होतं. सर म्हणाले, "घाई करू नका म्हणावं." ते काकांना ऐकू गेलं नसेल. मग बूट पळत गेले, परत आले, सुरी घासल्याचा आवाज आला, दार उघडलं. तोवर सरांचा श्वास फटीशी यायचा बंद झाला होता.

दवाखान्यातून सोडल्यावर मला ठाण्यात बोलावलं. अधिकाऱ्याने टेबलावर दोरी ठेवली. एका जागी कापलेली, पण गाठ तशीच. म्हणाले, "बघा बरं मॅडम, बाइंडर लोक असली बांधतात का? साधी सरकगाठ आहे, पण मधे हा एक वेढा उगाच घातलाय. कशासाठी, आमच्यात कुणाला कळत नाही." मला कळत होतं, ढब्या. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं घोड्याने तोडली, आपल्या जन्माच्या आधी. घोडा बांधायची गाठ घोडे सांभाळणारे सगळे मोतद्दार सारखीच घालतात, टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी, म्हणजे जनावर बिथरलं तर मोकळं करता येतं. बाबांना उरलेल्या बोटांत दोरी धरवत नसे, म्हणून ते मधे एक जास्तीचा वेढा घालायचे. तो दोरी धरून ठेवायचा. सोडताना आधी तो वेढा बोटाने उचलायचा, मग टोक ओढायचं. त्यांनी आपल्यालाही तीच शिकवली, मागच्या दारच्या खांबावर, हातात पट्टा घेऊन. वेढा विसरला की पोटरीवर. तू एवढासा होतास, मार खाऊन उभ्या उभ्या चड्डी ओली करायचास आणि तशीच गाठ पुन्हा घालायचास. आपल्या दोघांची सगळी बोटं शाबूत होती. आपल्याला त्या वेढ्याची गरज नव्हती. हे बाबांच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि सांगायची आपली छाती नव्हती. मी अजून वळकटी तशीच बांधते. तू तबेल्यात घोडे तसेच बांधतोस. तुझी गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही म्हणून तिथे तुला चिडवतात, तुला बोलावून आणावं लागतं, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. ही गाठ घालणारी माणसं जगात दोनच उरलीत. आणि मी आत होते.

अधिकाऱ्याला मी म्हटलं, सांगता येणार नाही. घरी आले आणि तू मला बघायला दवाखान्यात आला होतास तो दिवस पुन्हा पुन्हा आठवत बसले. भेटायला येणारा प्रत्येक जण दाराचं विचारायचा. कुणी बांधलं, उघडलं कसं, इतका वेळ का लागला. तू नाही विचारलंस. तू खुर्ची ओढून संत्रं सोलत बसलास. फोडींवरचा एकेक पांढरा धागा काढलास आणि एकेक फोड माझ्या तोंडात घातलीस, कारण माझे हात पट्ट्यांत बांधलेले होते. सालींचे तू इतके बारीक तुकडे केलेस की आयाबाई वैतागली. मला वाटलं, माझी अवस्था बघून तुला सहन होत नाही. आताही वाटतं, तेही खरंच होतं. माझे केस कुणी धरले आणि मला टेबलाखाली कुणी कोंबलं, हे मी तुला विचारणार नाही.

शिपाईकाकांनी पोलिसांना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि पोलिसांनी ते मानलं नाही. काका बरगडीत लाथ खाऊन दारापाशी पडले होते. दार बांधायचं एकाला सांगून बाकीचे निघाले. त्याने बांधलं, आणि जाताना वाकून दोरीचं टोक काकांच्या तळहातात ठेवलं, वरून त्यांची मूठ मिटली. "आम्ही वळणावर पोचलो की ओढा. ओढलं की सुटेल." काकांनी ओढलं. गाठ आवळली. त्यांनी पाय दाराला लावून अंगाचा सगळा भार टाकला, आणखी आवळली. अधिकारी म्हणतात, जाळायला आलेला माणूस सोडायची दोरी कशाला हातात देईल, म्हातारा बाइंडरला वाचवायला गोष्ट रचतोय. मला मात्र ऐकताक्षणी पटलं. तू खोटं बोलला नव्हतास. तुझ्यापुरती ती ओढलं की सुटते. वेढा तुझं बोट आपणहून उचलतं, तुला त्याचा पत्ताही नसतो. मलाही नव्हता. परवा मी पलंगाच्या पायाला दोरी बांधली आणि सोडताना स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, तरी बोट कधी आत गेलं ते दिसलं नाही. म्हणून काकांना तेवढं सांगायचं तुझं राहून गेलं. आपल्या घरात ते कुणी कुणाला तोंडाने सांगितलेलंच नव्हतं. फक्त मारलं होतं.

कामावर जायला लागले आहे. दुसऱ्या इमारतीत एक टेबल दिलंय, जिन्याखाली. फाइल शाबूत आहे, तिच्या नकला चार ठिकाणी असतात. प्रती जळाल्या. नालबंदाने विश्वासाने आणून दिलेली ती भोकाची प्रतही जळाली, म्हणजे सरांच्या रेघेचा पुरावा आता फक्त छायाचित्रात आहे. मखमलीतली प्रत टेकडीवर सुखरूप आहे. 'हरवलेली' असा टॅग मी पद्धतीत पहिल्यापासून ठेवला होता. आजवर तो ज्या प्रतींना लावला त्या कधी, कशा गेल्या हे कुणालाच माहीत नव्हतं, ओल, वाळवी, विस्मरण, काहीही. कशी हरवली, याला त्यात जागाच नव्हती. ती मी गेल्या आठवड्यात केली आणि एकेका जळालेल्या प्रतीपुढे भरत बसले. वरच्या साहेबांनी येऊन हळूच विचारलं, त्या रेघेवरचं नाव आता काढायचं का, माणूस तर गेला. मी म्हटलं, म्हणणारा गेला म्हणून म्हणणं दुसऱ्या कुणाचं होत नाही. ते जिना चढून वर गेले. त्यांना लहान मुलं आहेत.

आता हे पत्र कशासाठी ते. तू वाचत असशील तेव्हा मी ठाण्याच्या पायऱ्यांवर असेन, निवेदन द्यायला. काल कोरा कागद घेऊन बसले तर मला माझ्या कामासारखं सोडून दुसऱ्या रीतीने लिहिताच येईना. दार तू बांधलंस: पुरावा ती गाठ, खात्री पूर्ण, म्हणणारी मी. ते उघडावं अशा बेताने बांधलंस: पुरावा काकांचं बोलणं आणि आपलं लहानपण, म्हणणारी मीच, पण खात्रीची जागा मला भरता येत नाही. ती तुझ्याकडे आहे. तू आला नाहीस तरी मी दोन्ही सांगेन. पण दुसरं ते खोडतील, बहीण असं म्हणणारच म्हणून. आणि तुम्हाला पाठवलं कुणी, ते नाव तर फक्त तुझ्या तोंडून येऊ शकतं. हे पत्र पोस्टात टाकलं नाही. ज्यांनी ते तुला दिलं ते शिपाईकाका तुझ्या उंबऱ्याबाहेर बसलेत. त्यांना मी काहीही सांगितलेलं नाही, आणि तुझ्या तोंडावर तेव्हा फडकं होतं. ते हल्ली दिवसभर खुर्चीच्या पाठीला दोरी बांधतात आणि ओढतात. "मी जोरात ओढलं म्हणून आवळली, ताई, हळू ओढायला हवं होतं," असं मला रोज म्हणतात. बाइंडरची बायको आली की ते मागच्या दाराने निघून जातात. मी त्यांना वेढ्याचं सांगू शकले असते. ते मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. त्यांना आत बोलाव, बसायला दे, पाणी दे. घरात दोरी असेलच. त्यांचं बोट तुझ्या हातात धर आणि ते आधी कुठे घालायचं असतं ते दाखव, आणि हे तेव्हा सांगायचं कुणाचं राहिलं तेही सांग. मग ते काय करतात ते करू दे. मारलं तर मार खा. नंतर त्यांच्याबरोबर ये. बाइंडरला उद्या नेणार आहेत, म्हणून आजच ये.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई